दुधाची तहान, सोलकढीचा पेला

ऑडिटला आलेल्या परदेशी पाहुण्याने गाऊनिंग रूममध्ये हातातलं घड्याळ काढलं आणि टेबलावर माझ्या हेल्मेटशेजारी ठेवलं. आमच्या पावडर विभागात अंगठी, घड्याळ, कडं काही चालत नाही. पाहुणा टोपी-मास्क चढवत होता. त्या चार-पाच मिनिटांत मी ते घड्याळ हात न लावता, हात पाठीमागे बांधून, देवळात मूर्ती बघावी तसं बघून घेतलं. अष्टकोनी कडं, त्यावर आठ स्क्रू, निळ्या तबकडीवर बारीक बारीक चौकडी. सोन्याची चकाकी नाही, हिरे नाहीत, दिसायला सगळं पोलाद. संध्याकाळी घरी नाव शोधलं, किंमत शोधली आणि मोबाईल पालथा ठेवला. वीस लाखांच्या पुढचा आकडा होता. आमच्या लोट्यात, म्हणजे कोकणातल्या एमआयडीसीच्या गावात, एवढ्या पैशात बऱ्यापैकी घर उभं राहतं.

पण डोळ्यांसमोरून ते जाईना. मग म्हटलं, घेता येत नाही तर त्यावरून सुचलेलं, आपल्या ऐपतीतलं एखादं करून तरी घेऊ. त्या उद्योगात वर्ष गेलं. पैशांपेक्षा वेळ जास्त गेला, आणि त्या वेळात घड्याळांविषयी जे कळलं ते इथे मांडतो आहे.

त्या घड्याळाचं नाव रॉयल ओक. स्वित्झर्लंडच्या ल ब्रासूस या डोंगरातल्या गावात १८७५ साली सुरू झालेल्या ऑदमार पिगे कंपनीचं. १९६९च्या नाताळात जपानच्या सेईकोने क्वार्ट्झचं पहिलं मनगटी घड्याळ विकायला काढलं आणि चावीच्या घड्याळांवर जगणाऱ्या स्विस गावांचं धाबं दणाणलं. त्याच सुमारास कंपनीचे प्रमुख जॉर्ज गोले यांनी जेराल्ड जेंटा या आराखडाकाराला एका संध्याकाळी फोन करून सकाळपर्यंत एका पोलादी घड्याळाचं चित्र मागितलं, असं जेंटा स्वतः सांगत. पाणबुड्याच्या शिरस्त्राणाची काच घट्ट बसवायला भोवती बोल्ट असतात, ते त्यांच्या डोळ्यांसमोर होते. १९७२च्या बाझल जत्रेत घड्याळ आलं, ३९ मिलिमीटर व्यासाचं, त्या काळाच्या मानाने राक्षसी. किंमत ३,३०० स्विस फ्रँक. पोलादी घड्याळाला सोन्याच्या घड्याळाचा भाव! लोक हसले. यात एक मजा अशी की पहिले नमुने पांढऱ्या सोन्यात घडवले होते, कारण तो आकार पोलादात कोरण्यापेक्षा सोन्यात कोरणं सोपं होतं. म्हणजे स्वस्त धातूचं काम महाग, म्हणून सराव महाग धातूवर. आमच्या फॅब्रिकेटरला ही गोष्ट सांगितली तेव्हा त्याने दोन्ही हात जोडले.

आता पोलादाविषयी, कारण या एका विषयात लोट्याच्या माणसाला स्विस माणसाने शिकवायची गरज नाही. बहुतेक चांगल्या घड्याळांची केस एसएस ३१६ एल या स्टेनलेस स्टीलची असते. आमच्या एमआयडीसीत हेच स्टील टनांनी उभं आहे. रिअॅक्टर, पाईपलाईन, टाक्या, सगळीकडे. साधारण १६ ते १८ टक्के क्रोमियम, १० ते १४ टक्के निकेल आणि २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. शेवटचा ‘एल’ म्हणजे कार्बन कमी, ०.०३ टक्क्यांच्या आत. क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साईडचा अदृश्य पापुद्रा बसतो आणि गंज अडतो. पण क्लोराईड त्या पापुद्र्याला टाचणीने टोचावं तशी भोकं पाडतं. प्लँटमध्ये त्याला पिटिंग म्हणतात. मॉलिब्डेनम या टोचणीला विरोध करतं. क्लोराईड कुठे असतं? आमच्या मदर लिकरमध्ये असतं, आणि कोकणातल्या माणसाच्या मे महिन्यातल्या घामातही असतं. स्वस्त घड्याळाचं मागचं झाकण दोन उन्हाळ्यांत खडबडीत का होतं, त्याचं उत्तर हेच.

रोलेक्सने १९८५पासून हळूहळू ९०४ एल नावाचं त्याहून वरचं स्टील वापरायला घेतलं. त्यात निकेल २५ टक्क्यांच्या आसपास, मॉलिब्डेनम साडेचार, शिवाय थोडं तांबं. हे स्टील मुळात गंधकाम्ल हाताळण्यासाठी बनवलेलं. जाहिरातीत त्याला भारदस्त नाव आहे. आमच्याकडे परचेसवाला ते नाव ऐकून फक्त ‘महाग आहे, तीन कोटेशन घ्या’ एवढंच म्हणेल.

तेव्हा वीस लाखांतले किती पोलादाचे? काही हजार रुपयांचेसुद्धा नाहीत. मग पैसे जातात कुठे? याचा मी नीट माग काढला.

सगळ्यात आधी जातात कडेत. त्या कड्याचा वरचा भाग रेघारेघांचा मॅट असतो आणि बाजूचा तिरका पट्टा आरशासारखा. दोन्ही जिथे भेटतात तिथे सुरीच्या पात्यासारखी सरळ रेघ आहे. बफिंग केलेल्या कुणालाही विचारा, ही रेघ ठेवणं किती अवघड ते. बफ कापडाचा असतो, तो कडेवर वाकतो आणि कड मारून टाकतो. आमच्याकडे रिअॅक्टरला आतून मिरर पॉलिश करणारा एक कारागीर आहे. त्याच्या हाताखालून निघालेल्या पत्र्यात तोंड बघून दाढी करावी. त्याला मी घरातली एक जुनी स्टीलची केस दिली आणि म्हटलं, एवढी तिरकी पट्टी चमकव, बाकीचं मॅट ठेव. तो अर्ध्या तासाने परत आला तेव्हा केस साबणाच्या वापरलेल्या वडीसारखी गुळगुळीत झाली होती. ‘साहेब, दोन मीटरचं काम द्या. हे दोन मिलिमीटरचं आपलं नाही,’ म्हणाला. ल ब्रासूसला नेमक्या त्या दोन मिलिमीटरचे पैसे घेतात.

मग ते आठ स्क्रू. नीट बघितलं तर सगळ्यांच्या खाचा एकाच वर्तुळाला धरून बसलेल्या दिसतात. खरा स्क्रू आवळला की खाच कुठेही थांबते, तिला शिस्त नसते. इथे आहे, कारण ते वरून फिरवायचे स्क्रूच नाहीत. पांढऱ्या सोन्याची षटकोनी डोकी षटकोनी खड्ड्यात बसवलेली असतात, ती फिरूच शकत नाहीत. आवळायचं ते मागच्या बाजूने. नकली घड्याळात आठ खाचा आठ दिशांना बघत असल्या तर ते तिथेच ओळखावं.

तबकडीवरची चौकडी, जिला फ्रेंचमध्ये एका विणकामाचं नाव आहे, ती पँटोग्राफच्या तत्त्वावर चालणाऱ्या यंत्रावर कोरतात. एका टोकाला मोठा नमुना, दुसऱ्या टोकाला बारीक टोकाची छिन्नी. नमुन्यावर सुई फिरते तसं छोट्या तबकडीवर कोरीवकाम उतरतं. पितळी नावाच्या पाट्या कोरून देणाऱ्यांकडे याचेच भाऊबंद असत. फक्त पाटीवर एक रेघ हलली तर ‘पाटील’चं ‘पाटिल’ होतं, इथे हलली तर तबकडी भंगारात.

आणि शेवटी मशीन. घड्याळवाले आतल्या यंत्राला मशीनच म्हणतात, मीही तेच म्हणतो. पहिल्या रॉयल ओकमधलं २१२१ क्रमांकाचं मशीन आपोआप चावी भरणारं, तारखेसकट, आणि जाडी फक्त ३.०५ मिलिमीटर. त्यामुळे अख्खं घड्याळ सात मिलिमीटरच्या आसपास बसलं. हा आकडा मी त्या वेळी फारसा मनावर घेतला नाही. पुढे त्यानेच मला रडवलं.

घड्याळ करून घ्यायचं ठरवल्यावर पहिला सल्ला मित्राचा. ‘कशाला एवढा उपद्व्याप? मुंबईत सेम टू सेम मिळतं, दोन हजारांत.’ मिळतं हे खरं. पण त्यावर दुसऱ्याचं नाव असतं. आपल्या ट्रेड मार्क्स कायद्यानुसार, १९९९चा कायदा, खोटं चिन्ह लावलेला माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो. बाहेरून मागवला तर कस्टम्सवाले अडवू शकतात. नाव आणि बोधचिन्ह दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत कायम राखता येतं. आकाराचं तसं नाही. २००० सालच्या डिझाइन्स कायद्याखाली नोंदवलेल्या आकाराला दहा आणि वाढवून आणखी पाच, अशी पंधरा वर्षं संरक्षण मिळतं. तेवढ्यावरून जुना आकार सर्रास उचलावा असंही नाही. गिऱ्हाइकाची फसगत होईल इतकं हुबेहूब केलं तर नाव न लावताही कोर्टाची पायरी चढावी लागू शकते. कायदा बाजूला ठेवला तरी मला ते नको होतं. दुसऱ्याचं नाव मनगटावर बांधून हिंडायचं आणि कुणी जवळून बघू लागला की बाही खाली ओढायची, यात हौस कसली?

मुंबईची या बाबतीतली स्वतःची एक परंपरा आहे, आणि ती नकलेची नाही. जुनी फावर-लुबा, वेस्ट एंड, एचएमटी घड्याळं उघडून, एकाचं मशीन दुसऱ्याच्या केसमध्ये घालून, तबकड्या नव्याने रंगवून तयार होणाऱ्या घड्याळांना परदेशी संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. शब्द हेटाळणीचा आहे. लाल, पोपटी, जांभळ्या तबकड्या. कधी अक्षर वाकडं, कधी काटे भलत्याच घड्याळाचे. संग्राहकाला अस्सलपणा हवा असतो, त्याचं नाक मुरडणं समजू शकतं, आणि दुरुस्त केलेलं घड्याळ मूळ म्हणून विकणं ही लबाडीच. पण सुटे भाग मिळेनासे झालेलं मशीन पुन्हा टिकटिकायला लावणारा तो कारागीर काही क्षुल्लक नाही. फावर-लुबा मुंबईत आलं १८६५मध्ये, वेस्ट एंड १८८०च्या दशकात. एवढ्या वर्षांत या शहरात जितकी स्विस घड्याळं साचली, तितके ती उघडणारे हातही तयार झाले.

दुधाची तहान ताकावर भागवणे म्हणतात. मला ती म्हण ताकावर अन्याय करणारी वाटते. कोकणात तर आपण त्याच्याही पुढे जाऊन सोलकढी पितो. नारळाचं दूध असून ती गाईच्या दुधाचा आव आणत नाही, सरळ गुलाबी होते. करायचं तर असं घड्याळ करायचं, एवढं ठरलं. म्हणजे काय करायचं, हे मात्र ठरलं नव्हतं.

घड्याळ सांगून करून घेण्याची रीत जुनी आहे, पण ती धनिकांची. अमेरिकेतल्या हेन्री ग्रेव्हज या बँकवाल्याने १९२५मध्ये पाटेक फिलिपला एक खिशातलं घड्याळ करायला सांगितलं. चोवीस करामतींचं ते घड्याळ १९३३मध्ये हातात पडलं. २०१४च्या लिलावात ते दोन कोटी बत्तीस लाख स्विस फ्रँकना गेलं. मला त्याहून जवळची वाटते ती रेव्हर्सोची गोष्ट. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या घड्याळाच्या काचा काठीच्या फटक्याने फुटत. कुणीतरी ही रडकथा सेझार द त्रे या घड्याळांच्या व्यापाऱ्याच्या कानावर घातली. त्यातून उलटं फिरवून पोलादी पाठ वर करता येणाऱ्या केसचं पेटंट ४ मार्च १९३१ला नोंदलं गेलं. आज त्या घड्याळाकडेही माझ्यासारख्याने लांबूनच बघावं. पण ते जन्मलं एका अगदी साध्या तक्रारीतून. काच फुटते, काहीतरी करा.

माझी तक्रार काय होती? ‘छान दिसतं, मलाही हवं’ याला तक्रार म्हणत नाहीत. पण हे लक्षात यायच्या आधीच मी कामाला लागलो होतो.

जयपूर आणि बंगळुरूच्या काही छोट्या भारतीय कंपन्या आता स्वतःच्या नावाने चांगली घड्याळं काढतात. जुनी नाणी तबकडीत बसवणारी जयपूर वॉच कंपनी त्यांतलीच. तिकडच्या किमती बघून मी जरा खालच्या पायरीवर उतरलो आणि पुण्यातला एक हौशी जुळारी गाठला. दिवसा भोसरीत सीएनसीचं जॉबवर्क, रात्री घड्याळं. फोनवर त्याने पहिलाच प्रश्न विचारला, ‘मशीन कुठलं घालायचं?’ मी म्हटलं, आधी दिसायला कसं असेल ते ठरवू. ‘नाही,’ तो म्हणाला. ‘घर आधी बांधून मग माणसं मोजत नाहीत.’

खरंच सगळं मशीनवरून ठरतं. हौशी लोकांचं आवडतं मशीन म्हणजे सेईकोचं एनएच ३५. दणकट, स्वस्त, कुठेही दुरुस्त होणारं. व्यास २७.४ मिलिमीटर, जाडी ५.३२. म्हणजे त्या स्विस मशीनवर दोन मिलिमीटरहून जास्त. दोन मिलिमीटर म्हणजे काय, असं मला वाटलं. त्याने कागदावर बाजूने चित्र काढून दाखवलं. मशीन, त्यावर तबकडी, त्यावर तीन काट्यांची चळत, वर हवा, मग काच. खाली मागचं झाकण. बेरीज बारा मिलिमीटरच्या घरात गेली. रॉयल ओकचा सगळा तोरा त्याच्या चपटेपणात आहे. तोच अष्टकोन बारा मिलिमीटर जाडीवर ठेवला की नटासारखा दिसतो, म्हणजे बोल्टच्या नटासारखा. मग मियोटाचं ९०१५ घेतलं. जाडी ३.९ मिलिमीटर, तासाला २८,८०० ठोके, किंमत दहा हजारांच्या आसपास. मियोटा म्हणजे सिटिझन. १९६१मध्ये बंगळुरूला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला तो याच सिटिझनच्या सहकार्याने. माझ्या वडिलांच्या मनगटावर आयुष्यभर एचएमटी होतं, त्यामुळे ही सोयरीक मला बरी वाटली.

दुसरा धडा हिशोबाचा. केसचा प्रोग्रॅम लिहायला, ती धरून ठेवायचं फिक्श्चर बनवायला, हत्यारं लावायला जो वेळ जातो तो एका नगाला तेवढाच आणि शंभर नगांना तेवढाच. म्हणून शंभर करणाऱ्याला केस दोन हजारांत पडते आणि एक करणाऱ्याला वीस हजारांत. आमच्याकडेही तसंच. पायलट प्लँटमधल्या पहिल्या बॅचच्या किलोची किंमत काढायला अकाउंट्सवाले लाजतात. त्यात पोलादी पट्टा केसमधूनच उगवल्यासारखा हवा असेल तर प्रत्येक कडी वेगळ्या मापाची, प्रत्येकीला मॅट-चकचकीत कडा. त्याने नुसता पट्ट्याचा अंदाज सांगितला आणि मी पट्टा सोडून दिला.

महिनाभराने त्याने माझ्या वर्णनावरून केलेलं चित्र पाठवलं आणि खाली एकच ओळ: हे तर त्यांचंच झालं, तुमचं यात काय?

खोटं कशाला बोलू, राग आला. पैसे मी देणार, आणि हा मला विचारणार? त्याच रात्री मला नाईट होती. तीनच्या सुमारास रिअॅक्टरवर चढलो, साईट ग्लासच्या काचेला टॉर्च लावून आतलं मिश्रण बघायला वाकलो आणि तसाच राहिलो. गोल काच. भोवती जाड पोलादी कडं. कड्यावर आठ बोल्ट. बाराच्या जागी बोल्ट नाही. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दोन. फ्लँजची भोकं नेहमी मध्यरेषा सोडून पाडायची, हा आमच्या धंद्यातला बाळबोध नियम. आणि रॉयल ओकचेही आठ स्क्रू तसेच, बाराच्या खुणेच्या दोन बाजूंना. कड्याखाली गॅस्केटची काळी रेघ. त्या घड्याळातही कडं आणि केस यांच्यामधून गॅस्केट डोकावतं. जेंटांनी पाणबुड्याचं शिरस्त्राण बघितलं होतं. मी गेली अठरा वर्षं, आठवड्यातले सहा दिवस, त्याच जातीच्या काचेतून आत बघत होतो. गाऊनिंग रूममध्ये मला ते घड्याळ आवडलं नव्हतं. ओळखीचं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी साईट ग्लासचे फोटो, मापं, फ्लँजचं ड्रॉइंग, सगळं पुण्याला पाठवलं. अष्टकोन गेला. गोल कडं आलं, आठ खरे षटकोनी बोल्ट आले, वरूनच आवळायचे, खाचा नाहीतच. निळी चौकडी गेली. काचेच्या आत बघितल्यावर प्लँटमध्ये आणखी काय दिसतं? प्रेशर गेज. तेव्हा तबकडी गेजची: पांढरी, काळे आकडे, सुईसारखा सडपातळ काटा. पितळी पत्र्यावर पॅड प्रिंटिंग, म्हणजे रबराच्या गोळ्याने शाई उचलून छापायची. गेजवर जिथपर्यंत दाब जाऊ द्यायचा तिथे लाल खूण असते. घड्याळावर लाल खूण कुठे करायची?

आमच्या शिफ्ट सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. मी कागदावर वर्तुळ काढून तीन, सात आणि अकरावर लाल टिंबं दिली आणि जोडली. समभुज त्रिकोण झाला, अगदी कंपासने काढल्यासारखा. आठ तासांच्या पाळ्या बारा तासांच्या वर्तुळावर पडल्या की दर वेळी काटा दोन तृतीयांश वळसा घेऊन थांबतो. म्हणून तीन थांबे एकमेकांपासून सारख्या अंतरावर. गणित शाळकरी आहे. पण अठरा वर्षं या त्रिकोणावरून फिरत असून तो कधी दिसला नव्हता. पुण्याच्या माणसाचा उत्तरादाखल फोन आला तेव्हा तो फक्त हसत होता.

बारीकसारीक बाबतीत मात्र मी त्याला छळलं. सीलसाठी तो साधी नायट्राईल रबरची रिंग घालणार होता. मी म्हटलं, आमच्याकडे टोल्युईनच्या वाफा असतात, नायट्राईल फुगतं, वायटॉन घाल. अॅसिटोनपुढे मात्र वायटॉनही हात टेकतो, पण सगळ्याच गोष्टींना उत्तर नसतं. बोल्ट आवळताना एकानंतर शेजारचा नाही, समोरासमोरचे आवळायचे, म्हणजे गॅस्केट सारखं दबतं, हेही मी त्याला सांगितलं. त्याला ते माहीत होतं. काच नीलमण्याची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या सफायरची. कृत्रिम माणिक-नीलम बनवण्याची व्हर्नॉय यांची पद्धत १९०२ची. आजही मशीनमधले खडे तसेच बनतात. पट्टा चामड्याचा घेतला ही माझी चूक. जुलैत त्यावर हिरवी बुरशी आली. आता नायलॉनचा आहे, साबणाने धुतो.

सगळं मिळून पंचावन्न हजार लागले. बायकोला चाळीस सांगितले आहेत.

पहिल्या महिन्यात घड्याळ सेकंदांच्या हिशोबात चाललं. मग एक दिवस अचानक दिवसाला चार मिनिटं पुढे पळायला लागलं. परशुराम घाट उतरून चिपळूणला जुन्या घड्याळवाल्या काकांकडे नेलं. २२ जुलै २०२१च्या पुरात त्यांच्या दुकानात छतापर्यंत पाणी होतं. त्यानंतर महिनाभर ते लोकांची घड्याळं उघडून नुसता गाळ काढत होते. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं नाही, मागचं झाकणही उघडलं नाही. खणातून शाळेतलं होकायंत्र काढून घड्याळाजवळ धरलं. सुई गर्रकन वळली.

‘लोहचुंबकाशी खेळलास काय रे?’

मला आठवलं. मॅग्नेटिक ड्राईव्हचा पंप उघडला होता, त्याचा रोटर मीच हातात धरला होता. केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग असते, तिची वेटोळी चुंबकत्वाने एकमेकांना चिकटतात. स्प्रिंग जणू आखूड होते, चक्र भराभर डुलतं, घड्याळ पळतं. काकांनी एका छोट्या डब्यासारख्या यंत्रावर ते ठेवून बटण दाबलं आणि हळूहळू वर उचललं. होकायंत्र पुन्हा धरलं. सुई ढिम्म. पैसे घेतले नाहीत, पण घड्याळ उलटसुलट करून बराच वेळ बघत राहिले.

‘कंपनी कुठली?’

‘कुठलीच नाही, काका. करून घेतलं.’

‘हं,’ म्हणाले. ‘बोल्ट कुणी फिरवून बघितले तर काच हातात येईल. लॉकटाईट लावून घे.’

लावून घेतलं. आता मोबाईल गेटवरच्या खणात टाकला की, पावडर विभाग सोडला तर, आठ तास हेच घड्याळ. परवा सेकंड शिफ्टला नवा लागलेला ऑपरेटर लॉगबुकवर सही घ्यायला आला. त्याने माझ्या मनगटाकडे वाकून बघितलं, मग जरा घाबरल्यासारखं मागे वळून लाईनकडे बघितलं.

‘सर, हे गेज कुठल्या पंपावरनं काढलंत? तिकडे ब्लाईंड मारून भोक बंद केलंय ना?’